सायकलला मदत किती मागावी?



विजेची सायकल आता तालुक्याच्या गावीही दिसू लागली आहे. तिच्या हँडलवर एक लहानशी पेटी असते. बटण दाबले की तीवर एक, दोन, तीन असे आकडे उमटतात. काही सायकलींवर ते पाचपर्यंत जातात. पुष्कळांची समजूत अशी, की हे गिअरच आहेत आणि मोठ्यात मोठा आकडा लावला म्हणजे पैसे वसूल झाले. ही समजूत महागात पडते. शाळा सुटल्यावर घरी निघालेल्या गुरुजींची बॅटरी अर्ध्या वाटेत संपली, तर वीस-पंचवीस किलो वजनाची सायकल उरलेली वाट केवळ पायांच्या बळावर न्यावी लागते. तेव्हा हे आकडे कशाचे आहेत, ते आज पाहू.

गिअर शक्ती देत नाही. पायडलाच्या एका फेऱ्यात चाकाने किती फिरावे, एवढेच तो ठरवतो. हे आकडे मात्र मोटरने आपल्याला किती हातभार लावावा, हे सांगतात. त्यांना आपण मदतीच्या पायऱ्या म्हणू.

आता ही मदत दोन तऱ्हांनी मिळते. जात्यावर दळायला बसलेल्या दोघींचे उदाहरण घ्या. खुंट्याला दोघींचे हात आहेत. एक सोबतीण अशी, की जाते फिरताना दिसले की ती आपला ठरलेला जोर लावते. तुम्ही जोराने ओढा की नुसता हात ठेवा, तिला त्याचे काही नाही. दुसरी मात्र तुमच्या हाताचा अंदाज घेते. तुम्ही जोर वाढवला की तीही वाढवते, तुम्ही सैल सोडला की तीही सोडते.

पहिल्या तऱ्हेच्या सायकलीत पायडलाच्या आसाजवळ चुंबक बसवलेली एक चकती असते. चुंबक समोरून गेले की सेन्सर ओळखतो, की पायडल फिरते आहे. मग मोटर सुरू होते. इथे पायरी म्हणजे मोटरचा ठरलेला जोर किंवा काही सायकलींत ठरलेला वेग. दुसऱ्या तऱ्हेत पाय किती दाबतो आहे, हेच मोजले जाते. इथे पायरी म्हणजे प्रमाण होय. तुमच्या जोराच्या निम्मा, जोराइतका, किंवा दुप्पट! जपानात यामाहा कंपनीने १९९३ साली पायडलाला मोटरची जोड देणारी सायकल बाजारात आणली, ती याच प्रमाणाच्या कल्पनेवर. तिथला आजचा कायदाही प्रमाणच सांगतो. सर्वसाधारण सायकलीत ताशी १० किलोमीटरपर्यंत मोटरने माणसाच्या जोराच्या फार तर दुप्पट जोर लावावा, पुढे तो कमी करत न्यावा आणि २४ किलोमीटरला बंद करावा.

दुकानात ही पारख सोपी आहे. हलका गिअर लावा आणि जोर न देता पायडल नुसते फिरवा. तरीही सायकल जोराने ओढू लागली, तर ती पहिल्या तऱ्हेची समजावी.

आता थोडे गणित. शिक्षक मित्रांनी ते वर्गात जरूर घालावे. बॅटरी ३६ व्होल्टची आणि १० अँपिअर-तासांची आहे. गुणाकार केला की ३६० वॅट-तास होतात. मोटर ६० वॅट घेत असेल तर ही शिदोरी सहा तास पुरेल, १२० वॅट घेतले तर तीन तास आणि २४० घेतले तर दीडच तास. बरे, मोटरची शक्ती दुप्पट केली म्हणून वेग दुप्पट होतो काय? मुळीच नाही. वेग दुप्पट करायचा तर समोरची हवा कापायला आठपट शक्ती लागते. म्हणून सपाट रस्त्यावर वरची पायरी लावली की वेग थोडाच वाढतो, आणि बॅटरी मात्र भराभर उतरते.

चढावर गोष्ट निराळी. तिथे वजन वर न्यायचे असते, आणि मदतीची खरी गरज तिथेच. वाईहून पाचगणीकडे जाताना पसरणीचा घाट लागतो. तिथे वरची पायरी जरूर लावावी, पण गिअर असेल तर तो हलका ठेवावा. उतार लागला की पायरी पुन्हा खाली आणावी. घरून निघताना पहिल्या-दुसऱ्या पायरीवर निघावे आणि परतीच्या वाटेची शिल्लक मनाशी धरावी.

आणखी एक सावधगिरी. पहिल्या तऱ्हेची सायकल पाय थांबल्यावरही क्षणभर ओढत राहते. म्हणून बहुतेक सायकलींच्या ब्रेकच्या दांडीतच मोटर बंद करणारा खटका असतो. तो चालतो की नाही, हे अधूनमधून पाहावे. चिखलात, गर्दीत आणि मुलांच्या हाती सायकल देताना खालचीच पायरी असावी.

आपल्याकडे पाव किलोवॅटहून कमी शक्तीची, ताशी २५ किलोमीटरहून कमी वेगाची आणि नियमांतल्या इतर अटी पाळणारी अशी सायकल मोटर वाहनात धरली जात नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनेही ती सायकलच आहे. आपणही तिला सायकलच मानावे. पायांनी आपले काम करावे, आणि जिथे ते कमी पडतील तिथे, तेवढीच मदत मोटरकडे मागावी. असे केले तर बॅटरीही घरापर्यंत पुरेल, आणि पायांची सवयही मोडणार नाही.