टिळकांच्या हाती आलेला नवा करार

१८९३ साली कवी नारायण वामन टिळक रेल्वेने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एका गोऱ्या प्रवाशाशी संस्कृत काव्यावर गप्पा रंगल्या. उतरताना त्या गृहस्थाने त्यांच्या हाती 'नवा करार' ठेवला आणि पुस्तक वाचायचे वचन घेतले. टिळकांना ते पुस्तक दिसायलाही आवडले नव्हते. पण शब्द दिला होता, म्हणून वाचायला बसले.

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरील प्रवचनाशी मात्र ते अडकले. शत्रूवर प्रीती करा, राग मनात धरू नका, उजव्या हाताचे दान डाव्याला कळू देऊ नका, ही ती शिकवण. स्वभावाने शीघ्रकोपी, मनात येईल तेव्हा घर सोडून निघणाऱ्या माणसाला ती झोंबणारच! १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

म्हणून स्वभाव एका दिवसात पालटला, असे कुणी समजू नये.

या धर्मांतरामुळे पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून काही वर्षे दूर राहिल्या. पुढे त्या परतल्या, १९०० साली राहुरीला त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी पतीचा संताप आणि लहरीपणा झाकलेला नाही, तसे त्यांचे औदार्यही झाकलेले नाही. माझ्या मते एखाद्याच्या चारित्र्याला बायकोइतका खरा साक्षीदार मिळत नाही.

१९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभारला. १९१९ साली ते वारले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्रपर काव्य अपुरे राहिले होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले. श्रोतेहो, टिळकांच्या कविता वाचण्याआधी 'स्मृतिचित्रे' जरूर वाचा.