आधी साखर, मग स्कोअर



 गावोगावहून नागपुरात जमलेल्या तुम्हा बालरोगतज्ज्ञांसाठी मुलांमधला कोमा हा विषय आम्ही, स्वागत समितीने, मुद्दाम निवडला. याच जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावाचं नाव एका विषाणूला मिळालं आहे. १९६५मध्ये तो इथल्या तापाच्या रुग्णांत सापडला. सकाळी ताप, रात्री झटके आणि एक-दोन दिवसांत मूल हातचं जातं. संत्र्यांबरोबर ही ओळखही आमच्या वाट्याला आली.

कोमा किती खोल हे डोळे, बोलणं, हालचाल यांवरून मोजणारी ‘ग्लासगो कोमा स्केल’ (जीसीएस) टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४मध्ये ग्लासगोत मांडली; आज तिचे गुण ३ ते १५ असतात. पण सहा महिन्यांच्या बाळाला ‘तू कुठे आहेस?’ विचारून काय उपयोग? मलावीतल्या ब्लँटायरमध्ये मेंदूच्या मलेरियाची मुलं पाहणाऱ्या मॉलिन्यू, टेलर आणि सहकाऱ्यांनी १९८९मध्ये ० ते ५चा स्कोअर मांडला. पेन्सिलीने नख दाबलं तर बाळ हात मागे घेतं का, छातीवर बोटाचं पेर रोवलं तर दुखऱ्या जागी हात नेतं का, रडतं कसं, नजर आईच्या चेहऱ्यामागे फिरते का, एवढंच पाहायचं. म्हणजे खाटेशी आई हवी. आपण तर पहिल्यांदा तिलाच बाहेर काढतो!

यजमान असूनही एक तक्रार करतो. तालुक्याहून येणाऱ्या चिठ्ठीवर नुसतं ‘जीसीएस ८’ असतं. हे ८ आले कुठून? हालचालीचे ५ गुण असलेलं मूल आणि ३ असलेलं मूल, दोघांची बेरीज ८ होऊ शकते. भवितव्य सारखं नसतं. स्कोअर रक्तातली साखर सुधारण्याआधीचा की नंतरचा? झटक्यांसाठी मिडाझोलम दिल्यावरचा?

मण्यार चावलेलं मूल तर आपल्या सगळ्या आकड्यांना चकवतं. पापण्या मिटलेल्या, हातपाय लुळे, बाहुल्याही कधी विस्फारलेल्या. स्कोअर ३, आणि आत शुद्ध शाबूत असू शकते. वेळेत व्हेंटिलेटर मिळाला, तर तेच मूल चालत घरी जातं. त्याच्या बापाला पहिल्या तासात ‘आशा नाही’ सांगणं मला अक्षम्य वाटतं.

राहण्या-जेवण्याची काळजी आमच्यावर सोडा. तुम्ही मात्र रेफरल चिठ्ठीचा एक नमुना ठरवूनच परत जा: तिन्ही गुण वेगवेगळे, तपासल्याची वेळ, साखर आणि दिलेली औषधं.