मधुमेह, मूत्रपिंड आणि रक्षक पेशी



मधुमेह हा आता केवळ शहरांचा रोग राहिलेला नाही. भीमाकाठच्या वडगाव रासाईसारख्या गावांनीही त्याची वेळीच दखल घेणे अगत्याचे आहे.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. रक्तातील साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की या गाळण्यांना इजा होते आणि तेथील पेशी रासायनिक संदेश सोडतात. त्यासरशी रक्तातील पांढऱ्या पेशी, विशेषतः भक्षक पेशी, तेथे जमतात. इजा झालेला भाग साफ करणे हे त्यांचे काम. परंतु साखर उतरत नाही, इजा थांबत नाही आणि या रक्षक पेशीही माघारी फिरत नाहीत. त्यांच्या स्रावांमुळे दाह टिकून राहतो, तंतुमय व्रण वाढतात आणि गाळण्या कायमच्या निकामी होतात.

हे सारे वेदनेवाचून घडते. लघवीतून झिरपणारे अल्ब्युमिन हीच बहुधा पहिली खूण. म्हणून प्रौढपणी मधुमेह जडलेल्यांनी निदान होताच, व पुढे दरवर्षी, लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे. साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवावा. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत. पाय सुजेपर्यंत थांबू नये. गेलेल्या गाळण्या परत येत नाहीत, उरलेल्या मात्र राखता येतात.