डोळे उघडे, तोंड मिटलेलं



लष्कराचं गुप्तवार्ता खातं म्हटलं की आपल्याला सिनेमातला हेर आठवतो. काळा चष्मा, पिस्तूल, पळापळ. खरं काम बरंच वेगळं असतं. माहिती गोळा करायची, पडताळायची, तिचा अर्थ लावायचा आणि योग्य माणसापर्यंत वेळेत पोचवायची.

पहिलं कसब नजरेचं. मे १९९९ मध्ये लडाखच्या बटालिक भागात ताशी नामग्याल हे मेंढपाळ हरवलेला याक शोधत होते. डोंगरावर त्यांना अनोळखी माणसं दिसली. त्यांनी लष्कराला कळवलं. कारगिलमधल्या घुसखोरीची ती सुरुवातीची खबर ठरली. रोजचा डोंगर ओळखीचा होता, म्हणून वेगळं काय ते लगेच कळलं.

दुसरं कसब सांगण्याचं. “खूप माणसं होती” एवढ्याने भागत नाही. किती, कुठे, कधी, कोणत्या दिशेने, हे हवं. पाहिलेलं, ऐकलेलं आणि आपला अंदाज वेगवेगळा ठेवायचा. एकाने सांगितलं की दुसऱ्या वाटेने खात्री करायची. जोडीला भाषा, नकाशा, संगणक, चिकाटी. आणि तोंडावर ताबा: कामाची गोष्ट घरीही बोलायची नाही.

हे आपल्या मुलींना जमेल का? का नाही? १९९२ पासून लष्करात वैद्यकीय सेवेबाहेरही महिला अधिकारी होऊ लागल्या. २०२२ मध्ये पुण्याच्या खडकवासल्याची एनडीए मुलींना खुली झाली. गुप्तवार्ता शाखेचं प्रशिक्षणही पुण्यातच होतं. एनडीएची परीक्षा बारावीवर. त्यात गणित असतं. पदवीनंतर सीडीएस देऊन चेन्नईच्या अकादमीत जाता येतं. त्या वाटेला गणिताचा पेपर नसतो. लेखीनंतरच्या मुलाखतीत एक चित्र तीस सेकंद दाखवून त्यावर गोष्ट लिहायला लावतात. म्हणजे नजर आणि विचार तिथेही तपासतात. शाखा कोणती मिळेल, हे मात्र गुणवत्ता, पसंती आणि लष्कराची गरज यांवर ठरतं.

एक अट आपल्या हातात आहे. या दोन्ही वाटांना मुलगी अविवाहित लागते. बारावी होताच लग्न उरकलं, की वाट तिथेच बंद.

आणि सावध राहू या. “गुप्त भरती आहे, पैसे भरा” असं कुणी म्हणालं तर तो ठग समजा. ही भरती जाहिरात देऊन, परीक्षा घेऊनच होते.

पुढच्या बैठकीत आपापल्या वाडीतल्या दहावी-बारावीच्या मुलींची नावं आणू या. त्यांना ही माहिती आपणच सांगू.