आभाळ भरून येण्यापूर्वी घरची तयारी

(झरी, ता. जि. परभणी येथे खरीपपूर्व शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मला आज खरे तर सोयाबीनच्या पेरणीविषयी बोलायला सांगितले होते. बियाण्याची उगवणशक्ती घरी तपासा, पुरेशी ओल झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका, हे आपण दरवर्षी ऐकता आणि यंदाही माझे सहकारी ते सांगणारच आहेत. म्हणून मी आज पिकाबद्दल थोडे कमी आणि पीक काढणाऱ्या घराबद्दल थोडे जास्त बोलणार आहे.

आपल्याकडे नैसर्गिक आपत्ती म्हटले की पहिल्यांदा दुष्काळ आठवतो. २०१२-१३ आणि २०१५-१६ ही वर्षे कोणी विसरलेले नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट आठवते, १ व २ सप्टेंबर २०२४ ची अतिवृष्टी तर कालची वाटते. पण या आपत्तींमध्ये एक फरक आहे, तो ध्यानात घेतला पाहिजे. दुष्काळ कित्येक महिने आधी दिसू लागतो. पुराची चाहूल काही तास आधी लागते. वीज मात्र काही मिनिटांचाच अवधी देते, आणि भूकंप तेवढाही देत नाही. जिथे अवधी कमी तिथे ऐनवेळी विचार करून भागत नाही, घरात आधीच ठरलेले असावे लागते.

विजेबद्दल मी सविस्तर बोलणार आहे, कारण पुराची बातमी मोठी होते, पण वीज शिवारात एकेकटा माणूस गाठते. आपल्याकडे तिचे दोन हंगाम आहेत. एक मृगाच्या आधीचे वळीव, म्हणजे एप्रिल, मे आणि जूनचा पहिला पंधरवडा. दुसरा परतीचा पाऊस, ज्याला आपण हस्ताचा पाऊस म्हणतो. वेळ बहुधा दुपारनंतरची. आता पाहा, याच दिवसांत आपली कोणती कामे चालू असतात? मे महिन्यात हळद वाळत घातलेली असते. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची सुडी लागलेली असते आणि मळणीयंत्राचा नंबर दोन दिवसांनी असतो. तिसऱ्या प्रहरी आभाळ काळे होते आणि घरातला कर्ता पुरुष ताडपत्री घेऊन शेताकडे धावतो. सोबत मुलगा असतो, सालगडी असतो. वर्षाची कमाई भिजू द्यायची कशी, हा प्रश्न मला कळतो. परंतु उघड्या रानात, उंच ढिगाशेजारी, ताडपत्रीचे टोक धरून उभा असलेला माणूस हा विजेच्या दृष्टीने सर्वांत वाईट जागी असतो.

यावर उपाय धावण्याचा वेग वाढवणे हा नाही. सुडी लावली त्याच दिवशी संध्याकाळी ती झाकून, दोर बांधून, कडेने दगड ठेवून घरी यावे. ऊन पडले तर सकाळी उघडावी. रोजची ही अर्ध्या तासाची मेहनत आहे आणि ती करायचा कंटाळा येतो हेही खरे. ज्या दिवशी ती राहून गेली असेल आणि गडगडाट सुरू झाला असेल, त्या दिवशी सुडी भिजू द्यावी. भिजलेले सोयाबीन कमी भावाने का होईना विकले जाते.

वीज किती दूर आहे हे घड्याळाशिवायही समजते. चमकल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंत सावकाश आकडे मोजावेत. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे ३ सेकंद लागतात. तिसाच्या आत आवाज आला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची आपल्या शिवारात पडू शकते. काम तिथेच सोडून निघावे. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. पाऊस थांबला म्हणजे वीज थांबली असे नसते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाईलवरचे ॲप मोफत आहे, ते आपल्या भोवतालच्या २० व ४० किलोमीटर परिसरातील विजांची सूचना देते. घरातल्या कॉलेजच्या मुलाकडून ते उतरवून घ्या. मोबाईल हातात असल्याने वीज ओढली जाते हा समज चुकीचा आहे. मात्र चार्जिंगला लावलेला मोबाईल त्या वेळी हाताळू नये.

निघायचे कुठे, हा खरा प्रश्न. लिंबाखाली किंवा आंब्याखाली नक्कीच नाही. झाडावर पडलेली वीज खोडावरून शेजारच्या माणसावर उडी घेते आणि मुळांच्या वाटेने ओल्या जमिनीत चहूकडे पसरते. हे पुस्तकात वाचलेले असूनही मी स्वतः विद्यार्थी असताना प्रक्षेत्रावर भर पावसात बाभळीखाली थांबलेलो आहे, तेव्हा सवय किती घट्ट असते ते मला ठाऊक आहे. चार खांबांवर पत्रे टाकलेला उघडा आखाडाही सुरक्षित नाही. चारी बाजूंनी भिंती असलेले पक्के घर, शाळा, मंदिर किंवा काचा बंद केलेली जीप, एसटी बस येथे आसरा घ्यावा. ट्रॅक्टर आणि मोटारसायकल यांचा उपयोग नाही. विहिरीची मोटर, स्टार्टर, तारेचे कुंपण यांपासून दूर राहावे. काहीच जवळ नसेल तर सखल जागी दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे पडू नये. निंदणाऱ्या किंवा कापूस वेचणाऱ्या बाया घाबरून एकमेकींना बिलगतात. त्यांनी अंतर ठेवून बसावे, म्हणजे एका विजेत सगळ्या सापडणार नाहीत. टोळीच्या मुकादमाला हे आधीच सांगून ठेवावे, कारण काम थांबवायचे की नाही हे त्या वेळी तोच ठरवतो. शेतमालकानेही थांबलेल्या वेळेची मजुरी कापू नये, नाहीतर कोणी थांबणार नाही.

जनावरे विजेने एकदम पाच-सहा का मरतात? त्यांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त असते, त्यामुळे जमिनीतून पसरणारा प्रवाह एका पायातून शिरून छातीतून दुसऱ्या पायात जातो. म्हणून सगळी दावण एका झाडाखाली बांधू नये, तारेच्या कुंपणालाही बांधू नये.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही, त्याला लगेच हात लावावा. श्वास व नाडी बंद असेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहावे आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. माणसाला शेणात किंवा मातीत पुरून ठेवण्याचा प्रकार काही भागांत अजून चालतो. त्यात वाचवण्याची वेळ निघून जाते.

आता पुराकडे वळू. येलदरी किंवा निम्न दुधना प्रकल्पाचे दरवाजे उघडणार असतील तर खालच्या काठच्या गावांना इशारा दिला जातो. पण ओढ्याला येणारे पाणी कोणी कळवत नाही, आणि ते बहुधा रात्री येते. ओढ्याकाठच्या घरांनी पाऊस लागला की झोपण्यापूर्वी जनावरांची गाठ सैल बांधावी आणि गोठ्यात हाताला येईल असा विळा ठेवावा, म्हणजे दावे कापता येईल. नळकांडी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते गुडघाभर असले तरी गाडी घालू नये, कारण खालचा रस्ता शिल्लक आहे की नाही हे वरून दिसत नाही. कीटकनाशके आणि खते उंच फळीवर ठेवावीत. पूर ओसरल्यावर विहिरीचे पाणी टीसीएल पावडर टाकल्याशिवाय पिऊ नये. लाकडाच्या ढिगात, कडब्यात हात घालताना आधी काठीने हलवावे, पाण्याबरोबर साप आलेले असतात.

कागदपत्रे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवावीत. सातबारा, आठ-अ, आधार, बँक पासबुक, विम्याची पावती, या सर्वांचे फोटो काढून परगावच्या एखाद्या नातेवाईकाला पाठवून ठेवावेत. जनावर दगावले तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन आणि ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून (आपण त्यांना अजून तलाठीच म्हणतो) पंचनामा झाल्याशिवाय ते पुरू नये. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० आणि बैलाला ३२,००० रुपये मदत ठरलेली होती. पण राज्यात २०२४ पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराला नैसर्गिक आपत्तीची भरपाई मिळत नाही. बिल्ला पडला असेल तर या आठवड्यातच दवाखान्यात जाऊन नवा मारून घ्यावा. पीक विम्याबाबतही सावध राहावे. एक रुपयातला विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर आली. एकट्याच्या शेतातील नुकसान त्यात दिसेलच असे नाही, म्हणून विमा आहे या भरवशावर सुडी उघडी ठेवू नका.

शेवटी भूकंपाबद्दल दोन शब्द. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे गेली, ती प्रामुख्याने मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे जड माळवद कोसळून. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ ला हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले ४.५ तीव्रतेचे धक्के आपल्या परभणीतही जाणवले. आपल्याकडेही जुनी माळवदे आहेत. दरवर्षी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर चढतो आणि ओझे वाढत जाते. नवा थर टाकण्यापूर्वी जुना खरवडून काढावा. फुगलेली भिंत पावसाआधी उतरवून पुन्हा रचावी आणि रचताना भिंतीच्या दोन्ही बाजू एकमेकींना बांधतील असे आरपार लांब दगड मधूनमधून घालावेत. तेवढी सवड किंवा पैसा नसेल तर निदान झोपायची जागा त्या भिंतीपासून हलवावी. आज घरी गेल्यावर खाटेच्या वरच्या फळीकडे एकदा पाहा. तिच्यावर लोखंडी पेटी किंवा पितळी भांड्यांची रास असेल तर ती जेवणाआधी खाली घ्या.

ज्यांनी सोयाबीनचे बियाणे सोबत आणले आहे त्यांनी मागे थांबावे, उगवणशक्ती कशी तपासायची ते ओल्या पोत्यावर करून दाखवतो.