तेरच्या पांढरीतला पंचनामा

आपल्या वऱ्हाडात गावच्या जमिनीचे दोन भाग पूर्वापार मानलेले आहेत : पीक देणारी ती काळी आणि वस्ती ज्यावर वसते ती पांढरी. घरे पडावीत, पडलेल्या भिंतींच्या मातीवर नवी घरे उठावीत, चुलींची राख आणि फुटकी खापरे तिथेच जिरावीत, असे शतकानुशतके चालून जे टेकाड उंचावत जाते, ते त्या गावाचे, कोणत्याही कुलकर्ण्याने न लिहिलेले दप्तरच होय. अशा एका दप्तरातील एक फाटके पान आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी तेर नावाचे गाव आहे. बहुतेकांना ते गोरोबाकाकांचे गाव म्हणून ठाऊक असते. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवृत्तात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या मजलीवर असलेले जे मोठे नगर 'तगर' म्हणून आले आहे, ते हेच. येथील त्रिविक्रमाचे देऊळ मागील बाजूस अर्धवर्तुळाकार आहे, आणि जुन्या बांधकामातील विटा इतक्या सच्छिद्र व हलक्या की पाण्यात टाकली तर वीट तरंगते. मातीत मिसळलेला भुसा भट्टीत जळून जातो आणि त्याच्या जागी हवा उरते, एवढेच त्यातले रहस्य.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्यास चार मिनिटे असताना, आदल्या रात्री गणपती बोळवून निजलेल्या किल्लारी परिसरात धरणी हादरली आणि दगडमातीच्या जाड भिंती व वरचा मातीचा अवजड धाबा यांखाली हजारो माणसे गाडली गेली. दख्खनचे पठार अचल आहे, १९६७ साली कोयनेला भूकंप झाला तो धरणामुळे झाला, अशी जी निश्चिंत समजूत होती ती त्या पहाटे ढासळली. मग प्रश्न उद्भवला : असे येथे पूर्वी कधी घडले होते काय? किल्लारीच्या भूकंपकेंद्रापासून वायव्येस सुमारे ४० किलोमीटरांवर तेर आहे. सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन या भूशास्त्रज्ञांनी तेथील मातीचे थर तपासले, तेव्हा तेरणेने पुराबरोबर आणून पसरलेले, एरवी सपाट असावयाचे थर कोठे वाकलेले, कोठे कललेले, तर कोठे एकमेकांपासून सरकलेले आढळले. वस्तीच्या अवशेषांच्या आधारे त्या उलथापालथीचा, म्हणजे जुन्या भूकंपाचा, काळ सुमारे १५०० वर्षांपूर्वीचा ठरविण्यात आला. काळी असो वा पांढरी, थर नुसता वाकलेला असून भागत नाही; तो केव्हा वाकला हे सांगणारे खापर किंवा नाणे हाताशी असावे लागते, आणि तेरला ते होते. ओसाड माळावर हा पुरावा सापडता, तर त्याला तारीख देणे कितीतरी कठीण गेले असते.

तेरच्या या भूकंपाच्या काळाशी आपला, वऱ्हाडकरांचा, जवळचा संबंध आहे. तेव्हा वाकाटकांची एक शाखा वत्सगुल्म येथे, म्हणजे आपल्या वाशीमला, राज्य करीत होती. १९३९ साली वाशीमला मिळालेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात दान दिलेले गाव नांदेडच्या बाजूचे आहे, इतका त्या घराण्याचा हात दक्षिणेला पोहोचला होता. पण ताम्रपट हा इनामाचा कागद. त्यात राजाच्या पूर्वजांचे यज्ञ येतात, ब्राह्मणांची गोत्रे येतात, करमाफी येते. कोणाची भिंत पडली हे येत नाही. हा दोष लेखकाचा नव्हे, कागदाच्या जातीचा आहे.

रोमन लोकांची रीत याबाबतीत निराळी दिसते. पाँपेई येथे इसवी सन ६२ च्या सुमारास भूकंप झाला, आणि युकुंडस नावाच्या एका सावकाराने आपल्या घरातील देव्हाऱ्यावर कललेले देऊळ व डळमळणारे पुतळे दगडात कोरवून घेतले. त्याच पाँपेईत १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली, आणि तिच्याशी साम्य असलेली मूर्ती तेरलाही सापडली आहे. एकाच व्यापाराच्या वाटेवरील ही दोन गावे. एकाने आपला भूकंप कोरून ठेवला, दुसऱ्याचा भूकंप नदीच्या गाळाने जपला.

असा पुरावा आपल्या वऱ्हाडातही शोधण्याजोगा आहे. आपल्याकडे गाविलगडच्या पायथ्याशी सातपुड्याला समांतर अशी एक जुनी भेग गेलेली आहे. मोर्शी तालुक्यातील सालबर्डीचे गरम पाण्याचे झरे तिच्याच पट्ट्यात येतात. १९३८ च्या मार्च महिन्यात सातपुड्यात मोठा भूकंप झाला होता, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये धारणी तालुक्यातील साद्राबाडीला जमीन पुन:पुन्हा थरथरली. तेरणेने जसा गाळ पसरला, तसाच पूर्णेनेही अकोला-अमरावतीच्या मैदानात फार खोलवर पसरलेला आहे. पावसाळा सरला की तिच्या दरडी कापल्या जातात, आणि पिवळ्या-काळ्या थरांच्या रेघा उन्हात उघड्या पडतात.