पाळी तीन महिने आली नाही तर

गटात कर्जाचा हप्ता आपण मोठ्याने बोलतो, पाळीचं मात्र कानात. आज मोठ्यानेच बोलू.

पोरीची पाळी दोन-तीन महिने येत नाही, हनुवटीवर राठ केस येतात, मान काळी पडते. आई मान घासून दमते. पण तो मळ नसतो. बहुतेकदा अंगातलं इन्शुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते. या त्रासाला डॉक्टर पीसीओएस म्हणतात. सोनोग्राफीत ‘गाठी’ दिसतात, त्या पूर्ण न पिकलेल्या बीजांच्या बारीक पिशव्या, कॅन्सर नव्हे. गर्भपिशवी काढून हा आजार जात नाही. कोणी तसं सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय सही करू नका.

पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती मागेपुढे होते. पण सलग ३ महिने आली नाही, तर दिवस गेलेत का ते बघा आणि ग्रामीण रुग्णालय गाठा. आतलं अस्तर जाड होत राहणं चांगलं नाही. साखर, थायरॉईडही तपासा.

वजन जास्त असेल तर ७० किलोच्या बाईचे चार-पाच किलो उतरले तरी फरक पडू शकतो. शेतात राबतोच की, म्हणाल. खरंय. पण दिवसाचे पाच गोड चहा कोण मोजतं?

सुनेला हा त्रास असेल तर ‘वांझ’ म्हणू नका. औषधाने पुष्कळींचं बीज सुटतं, मुलं होतात. आणि पाळी नाही म्हणून दिवस राहणारच नाहीत, असंही धरू नका. मूल नको असेल तर आशाताईंना साधनं विचारा.